डोडोचे भिवंडीतले भाऊबंद

भिवंडीत कबुतर शोधावं लागत नाही. यंत्रमागांच्या पत्र्याखाली, मशिदी-मंदिरांच्या कंगोऱ्यांवर, उड्डाणपुलाच्या खांबांत, पूर्णा-काल्हेर-मानकोलीच्या गोदामांच्या रांगांत ते असतंच. त्याच्याकडे कुणी पक्षी म्हणून बघतही नाही, ते बहुतेकांच्या लेखी घाण करणारं एक बिऱ्हाड आहे. पण गावाबाहेर पडलं की याच बिऱ्हाडाचे सोयरे भेटायला लागतात. वऱ्हाळदेवी तलावाकडच्या झाडीत मानेवर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा मिरवणारा ठिपकेदार होला असतो. वज्रेश्वरीच्या वाटेवर, कोरड्या माळावर, त्याच्याहून लहान आणि सडपातळ असा छोटा तपकिरी होला दिसतो. कापणी झालेल्या भातखाचरांत कधी तांबडा होला उतरतो, कधी विजेच्या तारेवर मानेमागे काळी कड असलेला फिकट पठाणी होला बसलेला सापडतो. वड-उंबर फळला की त्यावर हरियालांचा थवा येतो. हा आपला राज्यपक्षी, पिवळ्या पायांचा, हिरवा-पिवळा-राखाडी. आणि तानसा किंवा तुंगारेश्वरच्या दाट रानात, पालापाचोळ्यावर चालणारा, पंख पाचूसारखे आणि चोच लाल असलेला पाचू कवडा.

ही सात पाखरं एका ओळीत मांडा आणि कुणालाही सांगा, यांचे दोन गट कर. दहातले नऊ जण एकच वाटणी करतील: मोठी ती कबुतरं, लहान ते होले-कवडे. म्हणजे कबुतर आणि हरियाल एकीकडे, उरलेले पाच दुसरीकडे. बोलीभाषेत हीच वाटणी आहे, आणि पोथ्यापुराणापासून पक्षिमार्गदर्शिकांपर्यंत सगळीकडे तीच चालत आली आहे. व्यवहाराला ती ठीकही आहे. वंशावळ म्हणून मात्र ती साफ चुकीची आहे. खरी वाटणी अशी: कबुतर आणि चारही होले एका फांदीवर, हरियाल आणि पाचू कवडा दुसऱ्या फांदीवर. आणि त्या दुसऱ्याच फांदीवर, थोडं पुढे, मॉरिशस बेटावरचा नामशेष झालेला डोडो बसला आहे. भिवंडीतल्या कबुतरापेक्षा भिवंडीतला हरियाल डोडोला जवळचा.

हे कुणी, कसं ठरवलं, हाच या लेखाचा विषय.

आधी सगळ्यांत समान काय ते पाहून घेऊ. कोलंबिडी हे कुळ, जगभरात सुमारे साडेतीनशे जाती. या कुळातल्या पाखरांची एक खूण कुणालाही तपासता येते. चिमणी किंवा साळुंकी पाणी प्यायली की दर घोटाला मान वर करते, कबुतर किंवा होला चोच पाण्यात बुडवून ठेवतो आणि मान न उचलता ओढत राहतो. दुसरी खूण घरट्यात असते. पिल्लू बाहेर आलं की नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीचं आतलं अस्तर सुटू लागतं. चरबी आणि प्रथिनांनी भरलेला, दह्याच्या कवडीसारखा हा पदार्थ म्हणजे कबुतराचं दूध. ते सुटायला कारणीभूत असलेलं संप्रेरक प्रोलॅक्टिन, म्हणजे गाईम्हशींत आणि बायकांत दुधासाठी लागतं तेच. या दुधामुळे पिल्लांसाठी किडे शोधत हिंडावं लागत नाही, आई-बापाला दाणे मिळाले की भागतं. घरटं मात्र सगळ्यांचंच फुकटचं: चार काड्या आडव्या, चार उभ्या, खालून अंडी दिसतील असं. होल्याचं घरटं पाहून ते पुरं झालंय की अजून बांधायचंय, हे मला आजवर कळलेलं नाही.

इतकी साम्यं असल्यामुळे ‘हे सगळे एकाच कुळातले’ हे ठरवणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते कुळाच्या आतलं. कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण नुसता नावाचा. इथे एक माणूस भेटतो ज्याचं नाव भिवंडीच्या प्रत्येक छपरावर, न दिसणाऱ्या अक्षरांत, लिहिलेलं आहे.

ह्यू एडविन स्ट्रिकलंड हा इंग्रज भूशास्त्राचाही अभ्यासक होता आणि पक्ष्यांचाही. त्याच्या काळात एकाच प्राण्याला पाच जण पाच नावं देत आणि प्रत्येक जण आपलंच खरं म्हणे. १८४२ साली स्ट्रिकलंडच्या पुढाकाराने प्राण्यांच्या नामकरणाचे नियम लिहिले गेले. त्यातला गाभ्याचा नियम असा की आधी दिलेलं नाव टिकतं, मागून आलेलं गळतं. आजही प्राण्यांची शास्त्रीय नावं याच तत्त्वावर ठरतात. दोन वर्षांनी, १८४४ मध्ये, त्याने भारतातल्या रानटी पारव्याला वेगळी उपजात म्हणून नाव दिलं, ‘इंटरमीडिया’. युरोपातल्या पारव्याची कंबर, म्हणजे शेपटीच्या वरची पाठ, पांढरी असते. आपल्याकडची राखाडी. यंत्रमागाच्या पत्र्यावरचं कबुतर शास्त्राच्या वहीत ‘कोलंबा लिव्हिया इंटरमीडिया’ म्हणून नोंदलेलं आहे ते असं.

आणि हाच स्ट्रिकलंड १८४८ साली अलेक्झांडर मेलव्हिल या शरीरशास्त्रज्ञासोबत डोडोवर एक ग्रंथ लिहितो. सतराव्या शतकात डोडो संपला होता. उरले होते खलाशांची वर्णनं, काही चित्रं, ऑक्सफर्डमधलं एक सुकलेलं डोकं आणि पाय, इतरत्र काही हाडं. त्याला कुणी शहामृगाच्या गोतात बसवत होतं, कुणी गिधाडाच्या. कोपनहेगनमधल्या राइनहार्ट या अभ्यासकाने कवटी पाहून ‘हे कबुतर आहे’ म्हटलं तेव्हा लोक हसले होते. स्ट्रिकलंड आणि मेलव्हिलने हाडं, चोच, पायाची घडण एकेक करून तपासली आणि राइनहार्ट बरोबर होता असा निकाल दिला. उडता न येणारं, काही किलो वजनाचं, बेढब कबुतर. स्ट्रिकलंडला पुढे फार आयुष्य मिळालं नाही. सप्टेंबर १८५३ मध्ये रेल्वेच्या खोदकामातले खडक बघत असताना गाडीखाली येऊन तो गेला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली होती. हा निव्वळ योगायोग, पण ठाणे जिल्ह्यातल्या कबुतरांवर लिहिताना तो टाळवत नाही.

स्ट्रिकलंडकडे साधनं होती ती हाडं आणि पिसं. त्यावरून ‘डोडो हे कबुतर’ इतकं सांगता आलं. कोणतं कबुतर, म्हणजे साडेतीनशेपैकी कुणाच्या जवळचं, हे सांगता आलं नाही. त्याला दीडशे वर्षं लागली. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या बेथ शपिरो आणि सहकाऱ्यांनी तिथल्या त्याच नमुन्यातून डीएनएचे तुकडे मिळवले आणि जिवंत कबुतरांशी ताडून पाहिले. डोडोचा सगळ्यात जवळचा जिवंत नातलग निघाला निकोबारी कबुतर, मानेवर लांब पिसांची झूल असलेला, धातूसारखा चमकणारा, आपल्याच निकोबार बेटांवर आणि आग्नेय आशियाच्या बेटांवर राहणारा पक्षी.

‘ताडून पाहिले’ म्हणजे नेमकं काय केलं, हे सांगायला मला पोथ्यांची मदत घ्यावी लागेल. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तोवर तीनशे वर्षं ती हातांनी उतरवली जात होती, आणि प्रत्येक उतरवणारा कुठे शब्द चुकवत होता, कुठे ओवी गाळत होता. समजा तुमच्यापुढे पाच जुन्या प्रती आहेत. कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली हे कसं ओळखाल? पाचांतही जे शब्द सारखे आहेत त्यांचा उपयोग नाही, ते मुळातच तसे असणार. उपयोग आहे चुकांचा. दोन प्रतींत नेमकी तीच ओवी गळली असेल, त्याच ठिकाणी तोच विचित्र शब्द असेल, तर त्या दोन्ही एकाच आधीच्या चुकलेल्या प्रतीवरून आल्या. समान चुका जितक्या जास्त, नातं तितकं जवळचं.

डीएनए ही अशीच पिढ्यान्‌पिढ्या उतरवली जाणारी पोथी. चार अक्षरांची लिपी, आणि उतरवताना क्वचित एखादं अक्षर बदलतं. अभ्यासक पक्ष्याच्या रक्तातून, पिसाच्या मुळातून किंवा जतन केलेल्या नमुन्यातून डीएनए काढतात, सगळ्या जातींत सापडणारं एखादं जनुक निवडतात आणि ते ओळीखाली ओळ मांडतात. कबुतरांच्या अभ्यासात सायटोक्रोम-बी नावाचं जनुक बराच काळ कामाला आलं. मग प्रश्न येतो की दोन जातींत दिसणारं वेगळं अक्षर ही नवी चूक की मूळ पाठ? त्यासाठी कुळाबाहेरचा एक पक्षी सोबत घेतात. बाहेरच्यातही तेच अक्षर असेल तर ते जुनं, फक्त दोघांतच असेल तर ते त्यांच्या सामायिक पूर्वजाचं. शेवटी संगणक असंख्य शक्य वंशवृक्षांतून सगळ्या बदलांचा सर्वांत चांगला उलगडा करणारा वृक्ष शोधतो. वर त्याची परीक्षाही होते. ओळींतली अक्षरं पुन:पुन्हा वेगवेगळी निवडून तोच वृक्ष परत परत उभा केला जातो. दर वेळी उगवणाऱ्या फांदीवर भरवसा ठेवायचा, मधेच नाहीशी होणाऱ्या फांदीवर नाही.

यात एक मेख आहे. सायटोक्रोम-बी हे मायटोकाँड्रियातलं जनुक, आणि मायटोकाँड्रिया फक्त आईकडून येतात. म्हणजे ती नुसती आजी-पणजीची ओळ झाली, आजोबांचं काय झालं ते तिला ठाऊक नाही. म्हणून २००० च्या सुमाराला केविन जॉन्सन आणि डेल क्लेटन यांनी कबुतरकुळाचा अभ्यास केला तेव्हा पेशीकेंद्रातलं जनुकही सोबत घेतलं. दोन्ही साक्षीदार बहुतांशी एकच गोष्ट सांगत होते.

काय सांगत होते? पहिला धक्का अमेरिकेतल्या पक्ष्यांनी दिला. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या कबुतरांना तोवर कबुतराच्याच ‘कोलंबा’ या प्रजातीत घातलेलं होतं. दिसायला तशीच, आकाराला तशीच. जॉन्सन आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या अभ्यासात दिसलं की आपल्या बाजूच्या कोलंबाचा जवळचा नातलग ती अमेरिकन कबुतरं नाहीत, तर होले आहेत. म्हणजे भिवंडीच्या तारेवर शेजारी बसलेले कबुतर आणि पठाणी होला एकमेकांना जितके जवळचे, तितकं ते कबुतर समुद्रापारच्या आपल्या नामबंधूला जवळचं नाही. अमेरिकन कबुतरांचं ‘कोलंबा’ हे नाव गेलं, त्यांना ‘पॅटाजिओनस’ ही वेगळी प्रजाती मिळाली.

दुसरी उलथापालथ होल्यांच्या घरातच झाली. ठिपकेदार होला आणि छोटा तपकिरी होला एकमेकांचे जवळचे निघाले, आणि पठाणी, तांबडा वगैरे मंडळींपासून ते दोघे बरेच आधी वेगळे झालेले. त्यांना आता ‘स्पिलोपेलिया’ म्हणतात, बाकीचे ‘स्ट्रेप्टोपेलिया’त राहिले. मजा म्हणजे ही प्रजाती नवी नाही. स्वीडनच्या कार्ल सुंडेवाल याने १८७३ मध्येच या दोघांना वेगळं काढलं होतं, फक्त त्याने प्रत्येकाला स्वतंत्र प्रजाती दिली होती: एकाला स्पिलोपेलिया, दुसऱ्याला स्टिग्मॅटोपेलिया. आता दोघांना एकत्र ठेवायचं तर कोणतं नाव टिकणार? स्ट्रिकलंडचा ‘आधीचं ते खरं’ हा नियम इथे हात टेकतो, कारण दोन्ही नावं एकाच लिखाणातली. अशा वेळी नियम म्हणतो की नंतर ज्या अभ्यासकाने प्रथम दोघांतून एक निवडलं त्याची निवड पाळा. मधली काही वर्षं स्टिग्मॅटोपेलिया चाललं, मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की निवड आधीच स्पिलोपेलियाच्या बाजूने झालेली आहे. तेव्हा घरात दोन पक्षिपुस्तकं असतील आणि त्यांत होल्याची नावं जुळत नसतील, तर दोष छपाईचा समजू नका.

आता दुसरी फांदी. हरियाल, पाचू कवडा, घाटमाथ्यावरच्या सदाहरित रानातली मोठी फळखाऊ कबुतरं, निकोबारी कबुतर, न्यू गिनीची मोरासारखा तुरा मिरवणारी भली थोरली कबुतरं आणि डोडो, ही सगळी एका मोठ्या गोतावळ्यातली. या गोतावळ्याचा जीव हिंदी महासागर ते पॅसिफिकच्या बेटांमध्ये आहे, न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर त्याचे जितके प्रकार आहेत तितके कुठेच नाहीत. 

हरियाल आणि पाचू कवडा एका फांदीवरचे आहेत हे बघून पटणार नाही, आणि न पटण्यासारखंच आहे. हरियाल उंच झाडावरचा प्राणी, जमिनीवर क्वचितच उतरतो. थव्याने राहतो, पानांत असा बुडून जातो की उंबराखाली उभं राहूनही फक्त टपटप पडणारी फळं कळतात. एक गोष्ट त्याच्याबद्दल लोक चुकीची सांगतात की तो वड-उंबराचं बी रानभर पसरवतो. बरीच फळखाऊ कबुतरं तसं करतात खरी, पण हिरव्या कबुतरांचा पेषणीचा स्नायू दणकट असतो आणि त्यात खडे असतात. बारीक बिया तिथे भरडल्या जातात. उंबराच्या लेखी हरियाल हा माळी कमी आणि गिऱ्हाईक जास्त. पाचू कवडा याच्या उलट: एकटा किंवा जोडीने, जमिनीवर पडलेली फळं, बिया आणि अधूनमधून किडे टिपणारा, धोका दिसताच झाडांच्या खोडांमधून जमिनीलगत सुसाट जाणारा. त्याला पाहून कुणीही ‘होला’च म्हणेल.

शरीराचा आकार पोटापाण्याच्या धंद्यावरून ठरतो. जमिनीवर दाणे वेचायचे तर अंग लहान, पाय चालते, रंग मातीशी जुळता. हा धंदा कबुतरकुळात वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या वेळी सुरू झाला, आणि दर वेळी साधारण तसाच पक्षी घडला. ‘लहान ते होले’ ही वाटणी म्हणजे धंद्यावरून केलेली वाटणी, रक्तावरून नव्हे.

याचं उलटं उदाहरणही महाराष्ट्रातच आहे, आणि ते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका कसलेल्या निरीक्षकाला चकवून गेलं. कर्नल विल्यम साइक्स मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी, दख्खनच्या लोकसंख्येपासून पिकांपर्यंत सगळ्याची मोजदाद करणारा. १८३२ मध्ये त्याने सह्याद्रीतल्या एका रानटी कबुतराचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि मुंबईचा माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं नाव त्याला दिलं. आज महाबळेश्वरच्या रानात, मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असलेला तो रानपारवा दिसतो. साइक्सने त्याला ठेवलं ‘टिलिनोपस’मध्ये, म्हणजे पॅसिफिकच्या रंगीत फळखाऊ कबुतरांसोबत, हरियालाच्या बाजूच्या फांदीवर. झाडावर राहणारा, फळं खाणारा, घनदाट रानातला पक्षी, तर त्याला तिथे ठेवावंसं वाटणं समजण्यासारखं आहे. पण तो निघाला कोलंबा, भिवंडीच्या कबुतराच्या फांदीवरचा. त्याचे सख्खे आहेत श्रीलंकेतला रानपारवा आणि हिमालयाच्या बाजूचा राखाडी रानपारवा. मधला सगळा मैदानी भाग मोकळा, आणि तिघे तीन डोंगरांत.

डीएनए यायच्या आधीच कुणाला खरी वाटणी ओळखता आली असती का? डोळ्यांनी कदाचित नाही, कानांनी थोडीफार. बुलबुल, दयाळ यांसारख्या गाणाऱ्या पक्ष्यांत पिल्लं गाणं मोठ्यांकडून ऐकून शिकतात. शिकलेल्या गोष्टीवरून वंश सांगणं धोक्याचं. होल्यांचं तसं नाही. १९६४ मध्ये लेड आणि थॉर्प यांनी होल्यांची पिल्लं दुसऱ्या जातीच्या होल्यांकडून वाढवून घेतली. मोठी झाल्यावर ती आपल्याच जातीचं घुमली, पालकांचं नाही. म्हणजे होल्याचा आवाज पिसाइतकाच अंगभूत, आणि म्हणून वंशाचा साक्षीदार म्हणून उपयोगी. भिवंडीच्या परिसरात हे ऐकून पाहण्यासारखं आहे. पठाणी होल्याचं तीन ठोक्यांचं, मधल्या ठोक्यावर जोर असलेलं घुमणं. तांबड्याची घाईघाईची घुरघुर. ठिपकेदाराचं सौम्य, शेवटी लांबत जाणारं, आणि छोट्या तपकिरीचं दबक्या हसण्यासारखं खुदखुदणं. या सगळ्यांत कुठेतरी कबुतराचं ‘गुटर्गूं’ ऐकू येतं. हरियाल मात्र घुमत नाही, शीळ घालतो, चढउतार असलेली, जरा चक्रावून टाकणारी शीळ.

दुसरा साक्षीदार अगदीच अनपेक्षित: उवा. प्रत्येक कबुतराच्या अंगावर पिसं खाणाऱ्या उवा असतात, आणि त्या यजमानाच्या जातीला बऱ्यापैकी चिकटून राहतात. एका जातीच्या दोन जाती झाल्या तर तिच्या उवांच्याही दोन व्हाव्यात. क्लेटन आणि जॉन्सन यांनी होल्यांचा वंशवृक्ष आणि त्यांच्या उवांचा वंशवृक्ष शेजारी शेजारी मांडला. अंगावरच्या, पोटाच्या पिसांत राहणाऱ्या उवांचा वृक्ष होल्यांच्या वृक्षाशी चांगला जुळला. पंखांतल्या उवांचा तितका जुळला नाही. कारण पंखांतली लांबट ऊ कबुतरमाशीच्या पायाला धरून दुसऱ्या पक्ष्यावर जाऊ शकते, अंगावरची गोलसर ऊ हे करत नाही. ज्यांनी घरी कबुतरं पाळली आहेत त्यांना ही चपटी, झटकन पिसांत घुसणारी माशी ठाऊक असेल. तिच्या पायाला धरून उवा प्रवास करतात हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

प्रजातीच्या पातळीवरचा गोंधळ असा बराचसा निवळला आहे. जातीच्या पातळीवर तो अजून चालू आहे, आणि त्यात आपल्या अंगणातला ठिपकेदार होला मध्यभागी आहे. या होल्याचं पहिलं शास्त्रीय नाव, ‘चायनेन्सिस’, १७८६ चं. स्कोपोली या अभ्यासकाने चीनमधल्या पक्ष्यावरून ते दिलं. भारतातल्या पक्ष्याला तीन वर्षांनी योहान ग्मेलिनने ‘सुरातेन्सिस’ म्हटलं, सुरतेवरून. छोट्या तपकिरी होल्याची भारतातली उपजात त्याच ग्मेलिनने त्याच वर्षी ‘कॅम्बायेन्सिस’ केली, खंभातवरून. तांबड्या होल्याला १८०४ मध्ये तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगमबाडीचं, गोऱ्यांच्या ट्रँकेबारचं नाव मिळालं. म्हणजे व्यापारी जहाजं जिथे लागत, नावं तिथली. आज भिवंडीहून ज्या महामार्गाने ट्रक सुरतेकडे जातात त्याच वाटेवरून आपल्या होल्याचं नाव आलं आहे.

सुरतेचा आणि चीनचा होला एकच जात की दोन? दिसण्यात फरक आहे. भारतातल्या पक्ष्याच्या पंखावर गुलाबी-बदामी ठिपके असतात, पूर्वेकडच्याच्या पंखावर ते नसतात. बर्डलाइफ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या यादीने या दोघांना वेगळ्या जाती मानलं आहे. त्यांची पद्धत गुणांची आहे. पिसांतला फरक, मापातला फरक, आवाजातला फरक, प्रत्येकाला ठरलेले गुण, आणि बेरीज सात झाली की वेगळी जात. इतर बऱ्याच अभ्यासकांना ही सातची रेघ यांत्रिक वाटते. दोन्ही बाजू एकाच पक्ष्याकडे पाहत आहेत, वाद रेघ कुठे ओढायची याचा आहे, आणि तो वाद निसर्गाने नाही, माणसाने सोडवायचा असतो. सह्याद्रीतल्या राखाडी कपाळाच्या हिरव्या कबुतराचंही असंच झालं. श्रीलंकेपासून फिलिपिन्सपर्यंतच्या हिरव्या कबुतरांच्या एका मोठ्या मोटेत त्याला बांधलेलं होतं, २००५ च्या सुमारास ती मोट सुटली आणि सह्याद्रीला स्वतःची एक जात मिळाली. हा बदल मात्र जवळपास सगळ्यांनी स्वीकारला.

कुळाबाहेरचं थोडक्यात. २०१४ मध्ये अट्ठेचाळीस पक्ष्यांचे पूर्ण जनुकसंच तुलनेला घेतले गेले, तेव्हा कबुतरांच्या शेजारी बसल्या त्या माळावरच्या पखुर्ड्या, आणि मादागास्करचे मेसाइट नावाचे अनोळखी पक्षी. पखुर्डी आपल्याकडे पठारावर भेटते, भिवंडीत नाही. तिला जुने लोक तित्तराच्या जवळची समजत.

शेवटी परत त्या पत्र्यावरच्या कबुतराकडे यावं लागतं, कारण वंशावळीच्या दृष्टीने सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण तेच आहे.

पाळीव कबुतरांच्या जाती बघितल्या, शेपूट पंख्यासारखी उभारणारे लक्के, छाती फुगवणारे, कोलांट्या मारणारे, तर हे सगळे एकाच रानटी पक्ष्यापासून आले यावर विश्वास बसत नाही. डार्विनचा बसला, पण तपासून. त्याने स्वतः कबुतरं पाळली, लंडनच्या कबुतरशौकिनांच्या मंडळांचा सभासद झाला, भारतातून वॉल्टर एलियटने पाठवलेले नमुने तपासले. अकबराच्या दरबारासोबत वीस हजारांवर कबुतरं फिरत, ही नोंदही त्याने आपल्या १८५९ च्या ग्रंथात घेतली. त्याचा सगळ्यात चांगला प्रयोग असा: पांढऱ्या लक्क्यांची जोडी त्याने काळ्या बार्ब कबुतरांशी लावली, त्यांच्या मिश्र पिल्लांची पुन्हा आपसांत जोडी लावली, आणि त्या नातवंडांत एक निघालं निळसर राखाडी, पंखांवर दोन काळ्या पट्ट्यांचं, पांढऱ्या कमरेचं. दोन्ही आजोळांत कुणीच असं नव्हतं. दबून राहिलेला पारवा वर आला होता. पारव्याची लक्षणं सांगताना त्याच पानावर डार्विन नोंदवतो की भारतातल्या, स्ट्रिकलंडच्या इंटरमीडियाची कंबर मात्र निळसर असते.

डार्विन मुळात बरोबर होता. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात मायकेल शपिरो आणि सहकाऱ्यांनी चाळीस कबुतरांचे जनुकसंच वाचले, आणि वेगवेगळ्या जातींच्या डोक्यावरचा उलटा तुरा एकाच जनुकातल्या बदलातून आलेला असल्याचं त्यांना दिसलं. पण त्याच प्रयोगशाळेने २०१८ मध्ये एक गोष्ट शोधली जी डार्विनला माहीत असणं शक्यच नव्हतं. शहरातल्या कितीतरी कबुतरांच्या पंखांवर दोन पट्ट्यांऐवजी काळ्या चौकडीची नक्षी असते. या चौकडीमागचं जनुक पारव्याचं नाहीच. ते आफ्रिकेतल्या ठिपकेदार कबुतराचं, कोलंबा गिनिया या वेगळ्या जातीचं. कधीतरी, बहुधा माणसाच्या पिंजऱ्यात, त्या दोघांचा संकर झाला आणि परक्या जातीतलं हे एक पान पारव्याच्या पोथीत शिरलं. पाठभेद शोधणाऱ्याला हे नवं नाही. उतरवणाऱ्याने समोर एकाऐवजी दोन प्रती ठेवल्या तर चुकांवरून काढलेला वृक्ष डळमळतो. म्हणूनच एक-दोन जनुकांवर न थांबता पूर्ण जनुकसंच वाचावे लागतात.

तेव्हा भिवंडीतली कबुतरं रानटी पारवे आहेत का? लोनाडच्या लेण्यांसारख्या कातळातल्या कपाऱ्या, माहुलीसारखे उभे कडे, या जागा पारव्याच्या मूळ घराशी मिळत्याजुळत्या आहेत. उंच इमारतीचा कोनाडा त्याला कड्यासारखाच. जुन्या मोहल्ल्यांत गच्चीवर कबुतरं उडवणाऱ्यांची खुराडी असतात, त्यातून चुकलेली, हरलेली, सोडून दिलेली पाखरं पिढ्यान्‌पिढ्या या रानटी थव्यांत मिसळत आली आहेत. एका थव्याकडे पाचदहा मिनिटं नीट बघितलं तर हे दिसतं. राखाडी अंग, पंखावर दोन स्वच्छ काळ्या पट्ट्या आणि उडताना राखाडीच राहणारी कंबर, तो स्ट्रिकलंडच्या वर्णनातला पक्षी. उडताना पांढरी कंबर चमकली तर कुळात बहुधा पाळीव रक्त आलेलं. पूर्ण पांढरा, तांबूस किंवा पायावर पिसं असलेला तर सरळ खुराड्यातूनच आलेला, किंवा त्याचा बाप तरी. आणि पंखावर चौकडी असेल तर त्या एका पाखरात इथल्या कड्यांवरचा पारवा, कुणा शौकिनाची गच्ची आणि सहाराच्या दक्षिणेकडची आफ्रिका, तिन्हींचा वाटा असू शकतो. पक्ष्यांच्या याद्यांत या सगळ्यांची नोंद मात्र एकाच नावाखाली होते, कोलंबा लिव्हिया.